छळछावणी आणि मृत्युछावणी: कादंबरी वाचताना होणारी एक गल्लत

महायुद्धाच्या काळातल्या एखाद्या ज्यू कुटुंबाची कादंबरी हातात घेतली की मलपृष्ठावर ‘छळछावणी’ हा शब्द बहुधा भेटतोच. शब्द नेमका घडवलेला आहे, नुसता वाचला तरी अंगावर काटा येतो. अडचण एवढीच, की आपण डाखाऊलाही छळछावणी म्हणतो आणि ट्रेब्लिंकालाही. ट्रेब्लिंकात छळायला वेळ होता कुठे? गाडीतून उतरलेली बहुतेक माणसं दोन-तीन तासांत मेलेली असत.

डाखाऊ म्युनिकजवळचं. हिटलर सत्तेवर आल्यावर दोनच महिन्यांत, मार्च १९३३ मध्ये ते सुरू झालं. आधी तिथे कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट कोंडले गेले. पुढे बुखेनवाल्ड, माउटहाउजन, बायकांसाठी राव्हेन्सब्र्यूक अशी साखळीच उभी राहिली. बराकी, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, नावाऐवजी नंबर, तासन् तास चालणारी हजेरी, दगडखाणीतलं काम, हे सगळं चित्र या छावण्यांचं. उपासमारीने, मारहाणीने, रोगाने माणसं हजारोंनी मेली. पण कैदी काही दिवस तरी जगणार हे तिथे गृहीत धरलेलं होतं. त्याच्याकडून काम पिळून घ्यायचं होतं.

इतकंच नाही, सुरुवातीच्या वर्षांत तिथून माणसं परतही येत. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली गेली, त्या वेळी सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून डाखाऊ, बुखेनवाल्ड आणि साक्सेनहाउजनला नेलं. देश सोडून जाण्याच्या बोलीवर त्यांतल्या बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सोडलं. त्यामुळे एखाद्या कादंबरीत १९३९ च्या सुरुवातीला बाप डोकं भादरलेल्या अवस्थेत दारात उभा राहतो आणि बायकोला काही सांगायला तयार नसतो, तेव्हा लेखकाचं काही चुकलेलं नसतं. तोच बाप ट्रेब्लिंकाहून सुटका होऊन घरी आला, तर मी पुस्तक तिथेच मिटेन.

कारण मृत्युछावणीचं काम वेगळं होतं. चेल्मनो, बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका ही चार ठिकाणं, चारही नाझींनी व्यापलेल्या पोलंडच्या भूमीवर. चेल्मनोत डिसेंबर १९४१ मध्ये बंद गाड्यांत धूर सोडून माणसं मारायला सुरुवात झाली. बाकीची तीन १९४२ मध्ये सुरू झाली. छळछावण्या चालवणारं जे खातं होतं, त्याच्या कारभारात ही चारही ठिकाणं नव्हती. हजारो कैद्यांना ठेवण्यासाठी तिथे बराकी नव्हत्या, कारण कोणाला ठेवायचंच नव्हतं. कपड्यांचे ढीग निवडायला आणि प्रेतं ओढायला काहीशे कैदी तेवढे मागे ठेवले जात. ट्रेब्लिंकात साधारण सव्वा वर्षात आठ लाखांहून जास्त माणसं मारली गेली. जागा फार मोठी नव्हती, आणि जर्मन माणसं होती जेमतेम काही डझन. उतरणाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून खोटं रेल्वे स्टेशन उभारलं होतं. त्यावरच्या घड्याळाचे काटे रंगवलेले होते.

ऑगस्ट १९४३ मध्ये तिथल्या कैद्यांनी बंड केलं, ऑक्टोबरमध्ये सोबिबोरला. तिथून पळालेल्यांपैकी जे युद्ध संपेपर्यंत तगले, प्रामुख्याने त्यांच्यामुळेच आतली हकिकत आपल्याला कळली. नंतर नाझींनी दोन्ही जागा जमीनदोस्त करून वर झाडं लावली.

मग दोन्हींची सरमिसळ झाली कशी? एक कारण फोटोंचं. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य बर्गन-बेल्सनला पोचलं आणि बुलडोझरने प्रेतं लोटली जातानाचं चित्रण जगाने पाहिलं. ती छळछावणी होती, तिथे गॅस चेंबर नव्हतं. माणसं टायफसने आणि भुकेने मेली होती. ट्रेब्लिंकात तोवर फोटो काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुसरं कारण ऑशविट्झ. तिथे दोन्ही प्रकार एकत्र नांदत होते (पोलंडमधल्याच मायदानेक छावणीचंही काहीसं तसंच). १९४० मध्ये पोलिश राजकीय कैद्यांसाठी ते सुरू झालं, मग शेजारी बिर्केनाऊची छावणी वाढली. गाडीतून उतरलं की निवड होई: धडधाकट माणसं एका बाजूला, म्हातारे, लहान मुलं आणि मुलं कडेवर असलेल्या आया दुसऱ्या बाजूला, थेट गॅस चेंबरकडे. हातावर नंबर गोंदण्याची पद्धत फक्त ऑशविट्झची, आणि तीसुद्धा पहिल्या बाजूच्यांसाठी. दुसऱ्या बाजूच्यांना नंबर द्यायची गरजच नव्हती. सुमारे ११ लाख माणसं तिथे मेली, त्यांतली जवळपास १० लाख ज्यू. तरीही हजारो वाचले, आणि कादंबरीला हेच सोयीचं पडतं. पात्र जिवंत असल्याशिवाय प्रकरण पुढे कसं सरकणार? म्हणून कादंबऱ्यांची गर्दी ऑशविट्झला होते आणि बेल्झेकवर क्वचितच कोणी लिहितं.

हॉलंडमधलं कथानक असेल तर मी तारीख बघतो. ॲमस्टरडॅममधून पकडलेल्या कुटुंबांना आधी वेस्टरबोर्कच्या छावणीत ठेवत. ती या दोन्हींत बसत नाही, तो नुसता मधला थांबा होता. तिथे दवाखाना होता, नाटकाचे प्रयोगही होत. आणि बहुतेकदा मंगळवारी पूर्वेकडे गाडी सुटे. मार्च ते जुलै १९४३ या काळात १९ गाड्या सोबिबोरला गेल्या. त्यांत ३४,३१३ माणसं होती. परत आली १८. तेव्हा मे १९४३ च्या मंगळवारी कुटुंब सोबिबोरच्या गाडीत बसलं आणि पुढच्या प्रकरणात आई-मुलगी बराकीत पाव वाटून खाताहेत, तर ते घडणं जवळपास अशक्य.

ॲन फ्रँकची गाडी सुटली ३ सप्टेंबर १९४४ ला, वेस्टरबोर्कहून ऑशविट्झला गेलेली शेवटची. नुकतीच पंधरा पूर्ण झालेली ती मुलगी निवडीतून वाचली, पुढे बर्गन-बेल्सनला नेली गेली आणि १९४५ च्या सुरुवातीला तिथेच मरण पावली. तिला गॅस चेंबरमध्ये मारलं असं आजही सर्रास लिहिलं जातं, ते याच गोंधळातून.

सोबिबोरमध्ये अलीकडच्या काळात उत्खनन झालं. मातीत लहान मुलांचे धातूचे बिल्ले सापडले. त्यांवर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि ॲमस्टरडॅम हे गावाचं नाव कोरलेलं होतं. गर्दीत मूल हरवलं तर कोणीतरी घरी आणून सोडावं, म्हणून आईबापांनी ते गळ्यात अडकवले असावेत.