मांजराचे परदेशगमन (सोलापूर)

पाळीव मांजराला मालकासोबत दुसऱ्या देशात नेण्यापूर्वी करावी लागणारी वैद्यकीय व कागदोपत्री तयारी. नोकरी किंवा शिक्षणानिमित्त परदेशी जाणाऱ्या ज्या सोलापूरकरांना घरचे मांजर मागे ठेवायचे नसते, त्यांना ही तयारी विमानाचे तिकीट काढण्याच्या कित्येक महिने आधी हाती घ्यावी लागते. साऱ्या नियमांच्या मुळाशी रेबीज आहे. भारतात हा रोग कायम आढळत असल्याने अनेक देश येथून येणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत केवळ लसीच्या दाखल्यावर समाधान मानत नाहीत. ब्रिटनमध्ये तर २००० साली प्राणी-प्रवास योजना सुरू होईपर्यंत बाहेरून आलेल्या मांजराला सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागत.

युरोपीय संघाच्या नियमांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. तांदळाच्या दाण्याएवढी, १५ अंकी क्रमांकाची मायक्रोचिप आधी मानेमागे त्वचेखाली बसवावी लागते; त्यापूर्वी टोचलेली रेबीजची लस हिशेबात धरली जात नाही, कारण ती याच मांजराला दिली हे ताडून पाहण्याची सोय नसते. लस पिल्लू १२ आठवड्यांचे झाल्यावरच द्यायची, तिच्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्तातील प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबायचे. हा हिशेब मांडला की येथे जन्मलेले मांजर जवळजवळ सात महिन्यांचे होईपर्यंत युरोपात जाऊ शकत नाही, हे उघड होते. पुढचा बूस्टर मुदतीत दिला नाही, तर रक्तचाचणी बाद होऊन सगळे पहिल्यापासून करावे लागते.

चुका बहुधा लसीकरणाच्या पुस्तिकेत होतात. बाटलीवरचे बॅच क्रमांकाचे लेबल चिकटवायचे राहते, चिपच्या क्रमांकातला एखादा अंक उलटसुलट होतो, किंवा ‘५/६’ अशी घाईत टाकलेली तारीख पाच जून की सहा मे हे परदेशातील अधिकाऱ्याला कळत नाही. महिना अक्षरांत लिहून घेतलेला बरा.

जपानमध्ये रक्त घेतल्यापासून १८० दिवस पूर्ण व्हावे लागतात. कमी पडलेले दिवस तेथील क्वारंटाइनमध्ये जातात. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट आलेले मांजर स्वीकारत नाही. ते आधी मान्यताप्राप्त देशात न्यावे लागते आणि तेथून गेल्यावरही मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात ठेवले जाते. अमेरिकेचे केंद्रीय नियम मांजरांच्या बाबतीत बरेच सैल आहेत. हवाई बेटांचे मात्र स्वतंत्र व कडक आहेत.

सोलापुरातून आंतरराष्ट्रीय विमान सुटत नसल्याने अखेरचा टप्पा बहुधा मुंबईत पार पडतो. तेथील केंद्र सरकारच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) व प्रमाणन सेवेकडून निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि युरोपसाठी ते दिल्यापासून दहा दिवसांच्या आत तेथे पोहोचणे आवश्यक असते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपलीकडे जातो. त्या दिवसांत प्रयोगशाळेकडे पाठवायचे सीरम (रक्तातून वेगळा काढलेला द्रव) बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या डब्यात घालून पाठवतात, आणि मांजर घेऊन मोटारीने निघायचे ते रात्री. कडक उन्हाळ्यात काही विमान कंपन्या प्राणी घेत नाहीत. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांवर त्यांचे निर्बंध अधिक असतात.

कागद पैसे मोजून करून घेता येतात, मांजराला क्रेटची, म्हणजे प्रवासी पिंजऱ्याची, सवय मात्र घरीच लावावी लागते, आणि नेमकी तीच शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. क्रेटमध्ये मांजराला उभे राहता, वळता व पसरून झोपता आले पाहिजे. तो महिनाभर आधी दार उघडे ठेवून घरात मांडावा व जेवण त्यातच द्यावे. तळाशी जुन्या सोलापुरी चादरीचा न धुतलेला तुकडा घातला की घरचा वास सोबत राहतो. लघवी शोषायला त्याखाली टर्किश टॉवेलची घडी पुरते. गुंगीचे औषध टाळावे, कारण उड्डाणात त्याने रक्तदाब व श्वसन मंदावण्याचा धोका असतो. विमानतळाच्या तपासणीत केबिनमधून न्यायचे मांजर बहुधा पिशवीबाहेर काढावे लागते, म्हणून अंगावर पट्टा आधीच चढवलेला असावा.

परत येताना भारतात उतरण्यापूर्वी पशु संगरोध व प्रमाणन सेवेचाच ना-हरकत दाखला घ्यावा लागतो.