पीएच दिवा
पीएच दिवा : डेन्मार्कमधील वास्तुरचनाकार पोल हेनिंगसेन (१८९४–१९६७) यांनी तयार केलेला, एकाखाली एक अशा तीन छत्र्यांचा विजेचा दिवा. नाव त्यांच्या आद्याक्षरांवरून पडले. तो कोपनहेगनच्या लुई पोल्सन या कंपनीने बाजारात आणला. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचा आधीचा नमुना मांडला होता. तीन छत्र्यांचे रूप १९२६ मध्ये कोपनहेगनच्या फोरम या प्रदर्शनगृहात लागले.

टंगस्टन धातूच्या तंतूच्या (तापून उजळणाऱ्या बारीक तारेच्या) बल्बने घरातला उजेड वाढवला, पण उघडा तंतू डोळ्यांत खुपू लागला. जर्मनीतील वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेतील १९२४ च्या टेबलदिव्यात यावर दुधी काचेचा घुमट बसवला गेला. त्याने डोळे दिपत नाहीत, पण उजेड चहूकडे सारखाच सांडतो. हेनिंगसेन यांना तो मुख्यतः खाली, जेवणाच्या टेबलावर हवा होता.

प्रत्येक छत्रीची वक्रता लघुगणकीय सर्पिलाच्या (केंद्रातून निघालेल्या प्रत्येक रेषेला सारख्याच कोनात छेदत बाहेर पसरणाऱ्या वक्ररेषेच्या) तुकड्यावरून घेतलेली असते आणि तंतू सर्पिलाच्या केंद्राशी असतो. त्यामुळे छत्रीवर कुठेही किरण सारख्याच कोनात पडतो आणि पृष्ठभागावरची उजेडाची छटा हळूहळू बदलत जाते. तीन छत्र्यांच्या व्यासांचे प्रमाण ढोबळमानाने ४:२:१. त्यांच्या कडा अशा बेतलेल्या असतात, की टेबलाशी बसलेल्याला तंतू दिसत नाही. छत्र्या धातूच्या किंवा फुंकलेल्या दुधी काचेच्या असतात. काचेची आतली बाजू वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेली असते.

सारा हिशेब तंतूच्या जागेवर असल्याने दिव्याची खोडही तीच. बल्ब लांब निघाला, होल्डर थोडा वरखाली झाला, की तंतू केंद्रातून सरकतो : छत्रीवर उजेडाचे पट्टे उमटतात, नाहीतर तंतू कडेखालून डोकावतो. उत्पादकांनी बल्बचे आकार बदलत नेल्यावर हेनिंगसेन यांनी १९५८ मध्ये ‘पीएच ५’ काढला. त्याचा व्यास ५० सेंमी.; त्यात बल्ब पूर्ण झाकलेला असतो, म्हणून कोणताही चालतो. आत लाल व निळ्या रंगाचे छोटे भागही आहेत, कारण वर्णपटाच्या या दोन टोकांना डोळा कमी संवेदनशील असतो.

जुन्या तीन छत्र्यांच्या दिव्यात एलईडी लावताना फक्त पुढे उजेड टाकणारा बल्ब टाळावा. त्याचा जाड बुंधा मागचा उजेड अडवतो, आणि सर्वांत मोठी वरची छत्रीच काळोखी राहते. टेबलावर टांगताना दिव्याची खालची कड पृष्ठभागापासून साधारण ६० सेंमी. वर ठेवावी. तो फार वर गेला, की बसलेल्याची नजर थेट छत्र्यांच्या आत जाते.