ओहम उतरवले की आवाज डबल? नाही हो!

कारच्या डिक्कीत सबवूफर (खोल, घुमणाऱ्या आवाजाचे स्पीकर) बसवणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: 'दोन्ही वूफर पॅरलल मार, ओहम उतरव, आवाज डबल.' यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते टिकलंय.

४ ओहमचे दोन वूफर पॅरलल जोडले की अँपला (अँप्लिफायरला) २ ओहम इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, दिसतो. सिरीजमध्ये जोडले तर ८. इम्पिडन्स निम्मा झाला की त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट, म्हणून कागदावर वॅटही दुप्पट. पण कान वॅट मोजत नाहीत. दुप्पट वॅट म्हणजे जेमतेम ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

शिवाय तो जादा करंट अँपलाच ओढावा लागतो. ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन चॅनल मिळून एकच लोड चालवणाऱ्या अँपच्या प्रत्येक चॅनलला तर निम्माच इम्पिडन्स दिसतो: बाहेर २ ओहम, आत १. 'ब्रिज्ड, किमान ४ ओहम' असं छापलेल्या अँपवर हे केलं की तो तापतो, प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो, गाणं मधेच बंद. थंड झाला की परत सुरू. आणि शिव्या खातो वूफर!

अँपच्या खोक्यावर छापलेल्या '२००० वॅट'चंही तेच. अँपचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा असेल तर १४ व्होल्टला सलग आत जाणारेच ४२० वॅट, बाहेर त्याहून कमी. अँप आणि वूफरचा जुळवायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे सलग चालणारे वॅट.

आणि हो, वूफरच्या ४ ओहमच्या कॉइलवर मल्टिमीटर साडेतीनच्या आसपास दाखवतो. दुकानदाराशी भांडू नका. मीटर नुसता डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा) रोध मोजतो, इम्पिडन्स नाही.