इंजिन बंद केल्यानंतरचे मोटारीचे आवाज

मोटारीचे इंजिन थांबल्यावर काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत तिच्यातून टिकटिक, घरघर, फुसफुस किंवा गुडगुड असे आवाज येत राहतात. त्यांतील बहुतेक आवाज धातू थंड होण्याचे किंवा एखादे उपकरण उरलेले काम पुरे करत असल्याचे असतात. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) उकळण्याचा आवाज मात्र बिघाड दाखवतो आणि तो वेगळा ओळखता आलाच पाहिजे.

टिकटिक सर्वांत परिचित आहे. नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट चढून गाडी उभी केली की ती खालून स्पष्ट ऐकू येते. पोलादाची १ मीटर लांबीची नळी ३०० अंश सेल्सिअसने थंड झाली, तर सुमारे ३.५ मिलिमीटरने आखडते. सायलेन्सरची नळी, तिच्यावरचे उष्णतारोधक पत्रे आणि त्यांचे बोल्ट सारख्याच वेगाने निवत नाहीत. त्यामुळे सांध्यांत ताण साचतो, आणि घर्षणाची पकड सुटून भाग किंचित सरकला की ‘टिक्’ असा आवाज उमटतो. हा आवाज सुरुवातीला भराभर येतो आणि मग विरळ होत जातो. नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत धातू लवकर निवत असल्याने तो अधिक दाट ऐकू येतो. इंजिन चालू असतानाही पत्रा खडखडत असेल, तर मात्र तो सैल झाला आहे असे समजावे.

रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा अनेक मोटारींत चावी काढल्यानंतरही काही मिनिटे फिरतो. थांबलेला पंखा अचानक पुन्हा सुरू होऊ शकत असल्याने त्याच्याजवळ हात नेऊ नये. डिझेल मोटारीत काजळीचा फिल्टर जळून स्वच्छ होत असताना इंजिन बंद केल्यास हाच पंखा जोरात चालतो आणि करपल्यासारखा वासही येतो. धुरातले प्रदूषण कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरणाऱ्या बीएस ६ (भारतातील प्रदूषण मानक) डिझेल मोटारींत नळीतले द्रावण टाकीत परत ओढणाऱ्या पंपाची घरघर ऐकू येते. एसीच्या नळ्यांतील दाब समान होताना बारीक फुसफुस होते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्या चावी बंद केल्यावरही क्वचित धडधडत राहतात, कारण सिलिंडरमधील तापलेल्या काजळीने मिश्रण पेट घेते.

गुडगुड, म्हणजे कूलंट उकळण्याचा आवाज, या सर्वांहून गंभीर आहे. इंजिन थांबले की त्याच्याच जोरावर फिरणारा पाण्याचा पंपही थांबतो, पण सिलिंडर हेडमधील (इंजिनच्या वरच्या भागातील) उष्णता कूलंटमध्ये उतरत राहते, त्यामुळे त्याचे तापमान थोडा वेळ उलट वाढते. साधारण १ बार (हवेच्या नेहमीच्या दाबाइतका) जादा दाब धरणारे कूलंटचे झाकण शाबूत असेल, तर साधे पाणीदेखील सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून गरम गाडीचे झाकण उघडल्यास दाब एकदम सुटून उकळते पाणी अंगावर उसळते आणि गंभीर भाजते. घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर रिकामे चालू ठेवून मग बंद करणे हिताचे आहे. तरीही प्रत्येक वेळी गुडगुड होत असेल, तर कूलंटची पातळी, झाकण आणि गळती तपासावी. तीही इंजिन पूर्ण निवल्यावर. कूलंट भरूनही पातळी वारंवार खाली जात असेल आणि बाहेर गळतीची खूण दिसत नसेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचा सांधा बंद ठेवणारा पातळ थर) फाटल्याची शक्यता असते. अशा वेळी सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरतो आहे का, याची गॅरेजमध्ये चाचणी करून घ्यावी.