पाइल ठोकल्याने चिकणमाती कायमची मरते का?

‘मऊ चिकणमातीत पाइल (बांधकामाच्या पायासाठी जमिनीत ठोकायचा लांब खांब) ठोकला की माती कालवली जाते, तिचा जोर कायमचा जातो’, हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. माती सुरुवातीला खरंच ढिली पडते. पाइल स्वतःच्या आकाराइतकी माती बाजूला रेटतो, पण कणांमधलं पाणी लगेच निसटू शकत नाही. त्याचा दाब चढतो आणि घणाच्या घावांना पाइल लोण्यात गेल्यासारखा खाली जातो. साइटवर घाबरतात ते इथेच.

पुढे काही दिवस, कधी काही महिने, ते पाणी हळूहळू बाहेर झिरपतं. पाइललगतची माती दाबली जाऊन घट्ट होते, कधी मूळच्यापेक्षाही जास्त. जोडकामासाठी थांबवलेला पाइल पुन्हा हलवताना घणाचे जास्त घाव लागतात, ते यामुळेच. कमिंग्ज, कर्कहॉफ आणि पेक या अभियंत्यांनी 1950 मध्ये मोजमापांनिशी हेच मांडलं होतं. समज मात्र चिवट!

म्हणून चिकणमातीत ठोकतानाच्या घावांवरून भारक्षमता ठरवू नये. थांबून भारचाचणी घ्यावी, म्हणजे पाइलवर प्रत्यक्ष भार देऊन पाहावा. अतिसंवेदनशील, म्हणजे कालवली की बराचसा जोर गमावणाऱ्या मातीत मात्र सावध राहावं. आणि नवा पाइल ठोकताना शेजारचे पाइल वर उचलले जातात, ही तक्रार अगदी खरी आहे.