रुग्ण-संरक्षण, क्ष-किरण तपासणीतील

क्ष-किरणांनी शरीराची प्रतिमा घेताना रुग्णाला पोहोचणारी प्रारणमात्रा निदानापुरतीच ठेवण्याची पद्धती. सोनोग्राफी व एमआरआय यांत आयनीकारक (अणूंतून इलेक्ट्रॉन उडवू शकणारे) प्रारण नसल्याने त्या येथे अभिप्रेत नाहीत.

रंटगेन यांनी लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधानंतर (१८९५) थोड्याच काळात त्वचा भाजल्याच्या व केस गळल्याच्या नोंदी होऊ लागल्या. आंतरराष्ट्रीय प्रारण-संरक्षण समिती १९२८ मध्ये स्थापन झाली. समर्थन (तपासणीची गरज पटणे), इष्टतमीकरण (मात्रा शक्य तेवढी कमी ठेवणे) व मात्रामर्यादा ही त्रिसूत्री साधारणपणे समितीच्या १९७७ च्या शिफारशींपासून धरतात, तथापि तिची बीजे त्याआधीची आहेत. यांतील मात्रामर्यादा रुग्णाला लागू नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील प्रारण-कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची (मिलिसीव्हर्ट हे प्रारणमात्रेचे एकक) मर्यादा आहे. त्याच शहरात सीटीसाठी झोपलेल्या रुग्णाला अशी मर्यादा नाही. तपासणी गरजेची आहे का, हा डॉक्टरचा निर्णयच तेथे पहिले संरक्षण ठरतो.

क्ष-किरण अडवण्यासाठी रुग्णावर ठेवायच्या शिशाच्या पट्टीचा प्रश्न वादाचा आहे. जननग्रंथींवर शिसे ठेवण्याची चाल १९५० च्या दशकात रूढ झाली. तिच्यामागे आनुवंशिक परिणामांची भीती होती आणि त्या भीतीला मुख्य आधार १९२७ मधील मुलर यांच्या फळमाशीवरील प्रयोगांचा. मानवात असे परिणाम दिसून आलेले नाहीत. जननग्रंथींचा भारांक (एकूण धोक्यात त्या अवयवाचा धरलेला वाटा) १९७७ मध्ये ०.२५, १९९० मध्ये ०.२० व २००७ मध्ये ०.०८ असा उतरत गेला. शिवाय आतल्या अवयवांना पोहोचणारे प्रकीर्ण (इतस्ततः विखुरलेले) प्रारण बव्हंशी शरीरातच उपजते, ते वरच्या पट्टीने अडत नाही. पट्टी स्वयंचलित मात्रानियंत्रकावर (पलीकडे पोहोचणारे किरण मोजून मात्रा ठरवणाऱ्या भागावर) आली, तर यंत्र मात्रा उलट वाढवते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पट्टीचा नित्य वापर थांबवण्याची शिफारस केली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मुलाला धरून उभ्या राहणाऱ्या आईने मात्र शिशाचा एप्रन घालावाच.

खरी बचत झोत आवळण्यात आहे. छातीवर पडणारा, मध्ये फुली असलेला उजेडाचा चौकोन तंत्रज्ञ हव्या तेवढ्याच भागापुरता लहान करतो. छातीच्या एका चित्राची मात्रा सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट, पोटाच्या सीटीची ८ ते १० मिलिसीव्हर्ट भरते. निसर्गातून वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट मिळतेच. फेरचित्र म्हणजे दुप्पट मात्रा. ‘साँस रोकिए’ ही हिंदी सूचना ऐकून मराठी आजी श्वास रोखायचा सोडून ‘काय म्हणाला?’ विचारते, की चित्र हललेच. इंदुरात मराठी रुग्णाला ही सूचना मराठीतून देणे हाही संरक्षणाचाच भाग मानावा.

भारतात एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे (स्थापना १९८३) नियंत्रण आहे. गर्भवतीने तपासणीपूर्वी तसे सांगणे आवश्यक असते.