घोड्यांसाठी कुरण आणि वाळले गवत

घोड्याचे मुख्य अन्न गवत. दाणा हे पूरक खाद्य. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि चाऱ्यातले तंतू मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या साहाय्याने पचतात. म्हणून थोडे थोडे, पण दिवसाचे बहुतेक तास खात राहणे हा त्याचा धर्म. दोन वेळा दाणा देऊन मधला वेळ उपाशी बांधलेल्या घोड्याला पोटशूळाचा धोका वाढतो. 400 किलो वजनाच्या घोड्याला रोज साधारण 6 ते 8 किलो वाळला चारा लागतो.

घोडा वरच्या-खालच्या दातांनी गवत अगदी मुळाशी कुरतडतो आणि लीद पडलेल्या जागी तोंड लावत नाही. परिणामी एकाच कुरणात इकडे टक्कल आणि तिकडे रान माजते. कुरणाचे भाग पाडावेत, गवत वीतभर झाले की घोडे सोडावेत आणि चार बोटे उरले की हलवावेत. लीद वेचल्याने कृमींचा फैलाव घटतो. मागाहून गुरे चारली तर सोडलेले गवतही सत्कारणी लागते. घोड्याच्या बहुतेक कृमी गुरांच्या पोटात वाढत नाहीत.

खरी कसोटी कापणीची. दख्खनच्या माळावरचे मारवेल, पवना, शेडा ही गवते फुलोऱ्यावर येताना कापली तर पाला मऊ राहतो आणि प्रथिने टिकतात. पण नेमका तेव्हाच परतीचा पाऊस असतो. उघडीप मिळेपर्यंत थांबले की काड्या उरतात; त्यांनी पोट भरते, अंग भरत नाही. तरीही भिजून काळे पडलेल्या गवतापेक्षा उशिरा कापलेले कोरडे गवत केव्हाही बरे. कुसळी या गवताबाबत मात्र उशीर परवडत नाही, कारण पिकलेली कुसळे हिरड्यांत आणि जिभेत रुततात.

दव सुकल्यावर कापून, उलटून-पालटून वाळवलेल्या गवतात ओल 15 टक्क्यांच्या आत असावी. गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा: आत ऊब लागली, कुबट वास आला किंवा करडी धूळ उडाली, तर ते गवत घोड्याला घालू नये. बुरशीने त्याला दम्यासारखा विकार जडतो. ओली गंजी आतून तापून पेटूही शकते.

साठ्याची काळजी मराठी लष्कराला चांगली ठाऊक होती. चिपळूणकडच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांनी पागेसाठी साठवलेला दाणा-गवत पावसाळ्याआधीच उधळू नका, नाहीतर घोडी मरतील, असे बजावले आहे. चुलीच्या वा तंबाखूच्या विस्तवाची ठिणगी गवतात पडेल, दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, इथपर्यंत त्यात ताकीद आहे.

हल्ली बारमाही हिरव्या चाऱ्यासाठी संकरित नेपियर लावतात. गुरांना ते मानवते, पण त्यातील ऑक्झलेट घोड्याच्या आहारातले कॅल्शियम बांधून ठेवते. महिनोन्‌महिने तेवढेच घातले तर जबड्याची हाडे सुजतात आणि घोडा लंगडू लागतो. अशा वेळी नेपियर कमी करून माळावरचे गवत आणि कॅल्शियमयुक्त लसूणघास द्यावा. बदल मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.